काबरीनं वास घेतला

लिलाबाईची काबरी बकरी सकाळी व्याली आणि पिलू मेलेलं निघालं. त्याच सकाळी शेजारच्या विमलबाईची बकरी व्याली. तिचं पिलू जितं निघालं आणि बकरीच गेली. याला कोणी नशीब म्हणेल, पण लिलाबाई नशीब-बिशीब मानणाऱ्यातली नव्हती. तिनं पदर खोचला आणि सुनेला हाक मारली.

"रत्ने, धारेची सुरी आण. अन् गोधडीचा दोरा, दाभण."

विमलबाई आपलं पोरकं पिलू लुगड्यात गुंडाळून गोठ्याच्या दारात उभी होती. पिलू पांढरंशुभ्र, आणि पाय असे की वाऱ्यानं पडेल. "जगते का व लिलाबाई हे?"

"तुमी असं तोंड पाडून उभ्या राह्यल्या तं तेबी घाबरून मरन. आणा इकडं."

केनवड गावात बकऱ्या पाळणारी घरं गंज, मोजावी तेवढी थोडी. पण मेलेल्या पिलाचं कातडं पोरक्या पिलाला चढवून त्याला परक्या बकरीचं दूध मिळवून द्यावं ते लिलाबाईनंच. सासूनं तिला हे एकदा दाखवलं होतं, दुसऱ्यांदा दाखवायची गरज पडली नाही. बकरीचं गणित साधं असतं. वास आपला तर पिलू आपलं. वास परका असला की तीच बकरी शिंग लावून पिलाला भिंतीशी आपटते. म्हणून मेलेल्या पिलाचं कातडं सदऱ्यासारखं उतरवायचं, चार पायांची चार भोकं तशीच ठेवायची आणि पोरक्याच्या अंगात घालून पोटाखाली टाके मारायचे. बकरी शेपटीपाशी नाक लावते, आपलंच समजते, कासेला लागू देते.

या खेपेला मात्र पाहायला रूपा होती.

रूपा म्हणजे लिलाबाईची नात. नागपुरात औषधांवर संशोधन करत होती, आता बंगळूरच्या मोठ्या संस्थेत चालली होती, जाण्याआधी चार दिवस घरी आली होती. या पोरीचा लिलाबाईला इतका अभिमान होता की रिसोडच्या बाजारात भाजीवाल्यानं भाव सांगितला तरी ती मधेच "माही नात डाक्टर झाली, सुईवाली नाई, पुस्तकवाली" असं ऐकवून घ्यायची. तर अशी नात समोर उभी, प्रयोगशाळेत पांढरे हातमोजे घालून सगळं धुऊन-पुसून काम करणारी. तिच्यासमोर रक्तानं बरबटलेलं कातडं कसं हाताळायचं? लिलाबाईनं ते उतरवलं आणि सरळ फिनेलच्या बादलीत बुचकळलं. एकदा नाही, तीनदा. पिळलं, झटकलं.

"पाह्य," ती रूपाला म्हणाली, "आमचंबी काम साफ असते."

काळं-तांबडं कातडं पांढऱ्या पिलावर चढलं. टाके पडले. पिलू काबरीसमोर ठेवलं. काबरीनं मान लांब केली, शेपटीपाशी नाक नेलं, फुर्रकन शिंकली आणि अशी धडक दिली की पिलू कुटाराच्या ढिगात उताणं पडलं.

विमलबाईनं पदर तोंडाला लावला. लिलाबाईनं पुन्हा पिलू ठेवलं. पुन्हा धडक. आता तिच्या कपाळाला आठी पडली. असं कधी झालं नव्हतं, आणि झालं ते नेमकं नातीसमोर.

"नालायक हाय हे बकरी," ती म्हणाली. "मिजास तं पाह्य तिची."

"आजी," रूपा हळूच म्हणाली, "कातडं धुतलं तू. त्याच्यासंगं वासबी धुऊन गेला."

"तू मले शिकवून राह्यली?"

"नाई व. म्या सोता हेच केलं. कितीतरी महिने." रूपा पिलाला उचलून छातीशी धरत खाली बसली. "आमीबी कातडंच उतरवतो ना आजी. रक्तातल्या लाल पेशीचं. तिच्या कातड्यावर बारीक-बारीक निशाण्या असतात, हे आपलं हाय म्हणून. मी ते इतकं घासून-घासून धुवायची की निशाण्याच निघून जायच्या. मंग शरीर मारायचंच धडक."

लिलाबाईला त्यातलं अर्धं कळलं. पण जे कळलं ते तिला पुरे होतं. तिनं काबरीकडे पाहिलं, मग उकिरड्याकडे.

"काबरीची व्याल्यावर पडलेली वार म्या सकाळी तिथं पुरली," ती म्हणाली. "कुत्र्यांनी उकरली नसन तं हाय अजून."

उकरली नव्हती. लिलाबाईनं वार काढली, हातमोजे-बितमोजे काही नाही, आणि पिलाच्या अंगावर चढवलेल्या कातड्याला ती शेपटीपासून मानेपर्यंत चोळली. रूपानं पिलू धरून ठेवलं. तिचा चांगला कुडता त्यात गेला. फिनेल आणि वार यांचा जो वास सुटला, तो विमलबाई नंतर गावभर सांगत फिरली.

काबरीनं पुन्हा मान लांब केली. नाक शेपटीशी. बराच वेळ. मग तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, आई बकरीच काढते तसा, आणि ती पिलाला चाटायला लागली. पिलानं डोकं खुपसत कास शोधली, सड तोंडात धरला. चीक ओठांवरून गळायला लागला.

लिलाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. तो कोणाला दिसू नये म्हणून लगेच खाकरली.

आणि इथं विमलबाईनं तोंड उघडलं. ती वाईट बाई नव्हती. आनंद झाला की तिला जिभेचं भान राहायचं नाही, एवढंच. "मानलं बापा लिलाबाई! तुमचा हात पक्काच. रूपीले निताचा फ्राक घालून सुनेच्या मांडीवर नेऊन बसवलं ना, तवाच म्या म्हटलं, या बाईनं बकऱ्याची इद्या माणसाले लावली!"

फक्त पिलाच्या पिण्याचा आवाज तेवढा राहिला.

रूपानं आधी विमलबाईकडे पाहिलं, मग आजीकडे. कुडत्याला लागलेलं झटकत उठली आणि हात धुवायला नळावर गेली.

"तुमच्या जिभेले टाके मारायले पायजे होते," लिलाबाई विमलबाईला म्हणाली. "दोरा उरला होता."

आपल्याला दुसरीकडून आणलं हे रूपाला माहीत होतं; ते घरात कोणी लपवलं नव्हतं. लिलाबाईचा मुलगा नरेंद्र आणि सून रत्नमाला यांची खरी लेक निता. तिला सिकलसेलचा आजार होता. हाडं दुखायची, पोरगी रात्रंदिवस कण्हायची, आणि शाळेत जायच्या वयाआधीच गेली. त्यानंतर रत्नमाला भिंतीला टेकून बसली ती बसलीच. जेवण नाही, बोलणं नाही, नरेंद्रानं समोर धरलेलं पाणीही नाही. लिलाबाईला आपली सून अशी डोळ्यांदेखत वाळताना बघवेना. मानोरा गावाकडे रत्नमालाच्या लांबच्या बहिणीची एक पोर होती, आई बाळंतपणात गेलेली, बाप वीटभट्टीवर. लिलाबाई जाऊन तिला घेऊन आली. आणि घरात पाय ठेवण्याआधी, ओट्यावरच, तिनं त्या पोरीला निताचा न धुतलेला फ्रॉक घातला, पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा. मग आत नेऊन सुनेच्या मांडीवर बसवलं.

रत्नमालानं त्या फ्रॉकला नाक लावलं होतं. हे लिलाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तिचे हात पोरीभोवती गेले होते.

त्यात चूक काय होती? काहीच नाही. लिलाबाईनं चूक तेव्हाही मानली नाही, आताही मानणार नव्हती. पण आजवर रूपाला फ्रॉकाचं कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता पोरगी बंगळूरला चालली होती, मनात हे घेऊन, की आईनं मांडीवर घेतलं ते मला नाही, फ्रॉकाला. असं लेकरू गेलं की परत येतं का? येतं, पण पाहुण्यासारखं येतं. पाय पुसून.

संध्याकाळी रत्नमाला चुलीपाशी भाकरी थापत होती. गोठ्यात काय बोलणं झालं ते तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा पाणी भरायला गेली होती. रूपा समोर बसून हिरवी मिरची आणि भाकरी खात होती, नेहमीपेक्षा कमी.

शांतता लिलाबाईला सोसवेना. "तुह्या त्या कातड्याचं सांग," ती म्हणाली. "बंगलोरले तेच करशील ना?"

"तेच." रूपानं घास गिळला. "औषधाचा कण असते आजी. इतका बारीक की केसाच्या जाडीत शेकड्यानं बसतील. तसाच सुईतून रक्तात सोडला तं शरीराचे पहारेकरी त्याले परका म्हणून खाऊन टाकतात. औषध दुखत्या जागी पोचतच नाई. म्हणून आमी लाल पेशी घेतो, फोडतो, आतलं लाल वाहून जाऊ देतो. कातडं राह्यते, फिक्कं. ते अन् औषधाचे कण एका बारीक चाळणीतून दाबून काढले की कातडं कणाले गुंडाळून बसते. मंग पहारेकरी म्हणतात, जाऊ द्या, आपलाच हाय."

"माणसाले देल्लं का?"

"नाई अजून. उंदरालेच. त्याच्या रक्ताचं कातडं त्याले. माणसापर्यंत यायले लय वर्ष लागतीन, आलं तं." ती थोडी थांबली. "सिकलच्या दुखण्यासाठी करून पाह्यलं आमी. जिथं रक्त अडकते तिथं दवा जावी म्हणून."

रत्नमालाचा थापणारा हात क्षणभर थांबला, मग चालू झाला.

"म्हंजे," लिलाबाईच्या तोंडून निघून गेलं, "तुमी शरीराले फसवता."

निघालं आणि तिला वाटलं, जीभ चावावी. रूपानं वर पाहिलं. डोळे कोरडे होते. ते लिलाबाईला जास्त टोचलं.

"हो," रूपा म्हणाली. "फसवतोच." आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

दुसरा दिवस असाच गेला. पिलू पीत होतं, उड्या मारायला लागलं होतं. काबरी त्याला क्षणभर नजरेआड होऊ देईना. रूपा घरातलं सगळं करत होती, हसतही होती, पण लिलाबाईच्या पलंगावर पाय दुमडून बसणं तिनं सोडलं होतं. लहानपणापासून ती तिथंच बसायची, आजीच्या पायांची जागा घेऊन, शिव्या खात. आता खुर्ची ओढून बसायला लागली. खुर्ची! लिलाबाईला ती खुर्ची कपाशीच्या पऱ्हाट्यांसोबत चुलीत घालावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी कातडं वास मारायला लागलं. माश्या बसायला लागल्या. आता ते उतरवायला हवं होतं. नाही उतरवलं तर खालच्या जित्या अंगाला जखमा होतात. आणि उतरवलं की कळणार होतं. एवढ्या वेळात काबरीचं दूध पिलाच्या पोटातून फिरून त्याच्या अंगाला लागलं असेल, तर ती त्याला ओळखेल. नसेल, तर धडक. लिलाबाईनं दोन्ही पाहिलं होतं.

"आज काढायचं का?" रूपानं सकाळी विचारलं.

"दुपारी पाहू."

दुपारी विचारलं तर "ऊन उतरू दे." ऊन उतरलं तर लिलाबाईला अचानक हरभऱ्याची भाजी खुडायची आठवण झाली. उभ्या जन्मात जिनं कोणतं काम उद्यावर ढकललं नाही, आणि ढकलणाऱ्यांचा उद्धार केला, ती बाई भाजीची टोपली शोधत घरभर फिरत होती. टोपली तिच्या हातातच होती.

"आजी," रूपा दारात उभी राहून म्हणाली, "पिलू खाजवून राह्यलं. किती वेळ ठेवशील?"

लिलाबाई टोपली ठेवून गोठ्यात आली. रत्नमालाही मागून कोमट पाणी घेऊन आली. रूपानं पिलू मांडीत घेतलं, लिलाबाईनं टाके कापले. कातडं निघालं, बाजूला पडलं. रत्नमालानं ओल्या फडक्यानं पिलाचं अंग हळू पुसलं.

पांढरं पिलू आपल्याच रंगात उभं राहिलं. काळ्या-तांबड्या काबरीसमोर ते असं उघडं-उघडं दिसत होतं की लिलाबाईला त्याच्यावर काहीतरी पांघरावंसं वाटलं.

काबरीनं मान वर केली. पाहिलं. एक पाऊल मागे गेली.

पिलू ओरडलं. काबरीचे कान पुढे आले. ती हळूहळू जवळ आली, शेपटीपाशी नाक नेलं. तिथंच ठेवलं. मग नाक पाठीवरून मानेपर्यंत फिरवलं, पुन्हा शेपटीपाशी आणलं, जणू दोनदा खात्री करून घेत होती. मग घशातून तोच बारीक आवाज काढला आणि मागचा पाय थोडा फाकवून उभी राहिली. पिलू तिच्याखाली शिरलं.

रूपा बघत राहिली. मग आईकडे न पाहता, पिलाकडेच बघत म्हणाली, "आई, मी आली तवा तू निताच्या फ्राकाले घेतलं होतं ना मांडीवर?"

रत्नमालाच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं. तिनं सासूकडे पाहिलं. लिलाबाईनं छपराकडे.

"कोणं सांगतलं तुले?"

"विमल आजीनं."

रत्नमाला घरात सगळ्यात कमी बोलणारी. लिलाबाईच्या घरात कमी बोलणाऱ्यालाच टिकता येतं, असं गावात म्हणायचे. तिनं फडकं पिळलं, गव्हाणीवर पसरलं, आणि मग बोलली.

"फ्राकाले वास घेतला म्या. खरं हाय. निताचाच वास होता तो. पण मांडीवर तू होती, हे मले नाई कळलं का? निता हलकी होती, माय. हाडंच राह्यली होती. तू बसली तं माह्या मांडीले मुंग्या आल्या." ती जराशी हसली. "अन् तू रडली. जोरात. निता कधी अशी रडत नव्हती, तिच्यात तेवढी ताकतच नव्हती. म्या म्हटलं, हे कोण भोंगा वाजवून राह्यलं?"

रूपाच्या तोंडून हसू निघालं, आणि हसता-हसता डोळे भरले.

"फ्राक तुले बगलेत काचत होता," रत्नमाला म्हणाली. "लाल वळ उठले होते. तू खाजवत होती, आता हे पिलू खाजवून राह्यलं ना, तशीच. दुसऱ्या दिवशी ह्या आत्याबाई शेतात निंदायले गेल्या अन् म्या तो काढून टाकला. आंगणात तुले आंघोळ घातली. दुसरं कापडच नव्हतं तुह्या मापाचं. दिवसभर उघडी फिरली तू, नागडी, कोंबड्याच्या मागं. भूक लागली तं तशीच आली अन् माह्या कडेवर चढली. आता सांग, तवा कोणता फ्राक होता तुह्या अंगावर?"

रूपा उठली आणि तिनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं, एवढी मोठी पोरगी, बंगळूरला चाललेली.

लिलाबाई बाजूला उभी. तिच्या डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. ती आजवर, इतकी वर्षं, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आली होती की आपण सुनेला बकरीसारखं फसवलं आणि वाचवलं. आणि सुनेला पहिल्या दिवशीच कळलं होतं!

"मंग मले काहून नाई सांगतलं?" ती भडकली. "शेतातून आली तं पोरीच्या अंगावर तुह्या जुन्या लुगड्याचं नवं शिवलेलं झबलं. मी समजली, फ्राक धुवायले टाकला."

"तुमी एवढ्या मिजाशीत फिरत होत्या आत्याबाई," रत्नमाला खाली बघत म्हणाली. "म्हटलं, राहू द्या त्याईचा आनंद."

"बापा बापा!" लिलाबाई म्हणाली. "पंचवीस वर्ष हे बाई माह्यावर हसून राह्यली!"

आता रूपा खरोखर हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "आजी, आमचं कातडंबी लय टिकत नाई. दोन-तीन दिवसात झिजते. त्याचं काम आत घुसवण्यापुरतंच. पुढं आतल्या औषधानंच निभावा लागते."

"ते मले सांगू नको," लिलाबाई म्हणाली. "काबरीनं सांगतलं मले." मग पडलेल्या कातड्याकडे बोट दाखवून, "हे पुरून टाक आधी. खोल. कुत्रे उकरतीन नाई तं. अन् असं चमच्यानं खोदल्यासारखं नको खोदू, फावडं घे. एवढी शिकली, फावडं धरता येत नाई."

रूपानं खड्डा खणला. लिलाबाई काठावर उभी राहून तिला नावं ठेवत राहिली. माती लोटून झाल्यावर पोरगी हात झटकत घरात आली आणि खुर्ची ओलांडून सरळ आजीच्या पलंगावर जाऊन बसली, पाय दुमडून, आजीच्या पायांच्या जागी.

मागून आलेल्या लिलाबाईनं तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात उतरवले, बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग वाकून तिच्या केसांशी नाक नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"अंगाले बकरीचा वास येऊन राह्यला तुह्या. जाय, आंघोळ कर."

"येऊ दे," रूपा म्हणाली आणि तिथंच आडवी झाली.

लिलाबाईनं तिला उठवलं नाही. पाय दुमडून घेतले आणि पलंगाच्या कडेला, उरलेल्या जागेत, बसून राहिली.